कच्चं चिकन, सहा डब्या आणि बुंदीचा पाय

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहतो. घरात दोन मांजरं आहेत. काळू, सहा वर्षांचा बोका, आणि बुंदी, पाच महिन्यांची. काळू ड्राय फूड खाऊन फार सुटला म्हणून अडीच महिन्यांपूर्वी दोघांनाही कच्च्या मांसावर आणलं. न्यू जर्सीच्या माझ्या भावाने तिथली एक पाककृती पाठवली होती, पण तिच्यात ससा आणि बीफ हार्ट आहे. मी त्याऐवजी बोनलेस चिकन ब्रेस्ट आणि कलेजी देते. कलेजी आवडते म्हणून ती जवळपास निम्मी असते, आणि रविवारी मूठभर कच्ची मांदेली. सासूबाई म्हणतात, आमच्या कणकवलीच्या घरी मांजरं दूधभातावर आणि माशांच्या डोक्यांवर वाढली, हे कसले चोचले! भावाच्या यादीतलं टॉरिन हे अमिनो आम्ल मी जिमच्या सामानाच्या दुकानातून आणलं, केल्प म्हणजे समुद्रशेवाळाची पावडर मागवली. शिवाय मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल, पेट शॉपमधून मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्स आणि नर्सरीतून बोनमील आणून ठेवलं आहे. अजून काहीच सुरू केलेलं नाही. कशाचं प्रमाण किती ठेवू? सगळंच द्यायला हवं का? ता.क. बुंदी हल्ली खिडकीत उडी मारत नाही, मागचा एक पाय अलगद टेकते. खेळताना मुरगळला असावा.

उत्तर: ताई, तुमचा ता.क. मी आधी घेते, बाकीचं सगळं त्याच्या मागून.

बुंदीचा पाय मुरगळला असेलही. पण पाच महिन्यांचं पिल्लू, अडीच महिने बोनलेस मांस, कॅल्शियमचा पत्ता नाही आणि उडी बंद, एवढं ऐकल्यावर कुठलाही पशुवैद्य आधी एक्स-रे काढायला सांगेल. उद्याच न्या, रविवारची वाट बघू नका. तोवर तिला एका लहान खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात ठेवा, सोफ्यावर-कपाटावर चढू देऊ नका. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली घ्या. मालिश नको. आणि घरातली दुखण्यावरची गोळी तर मुळीच नको, पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा एवढ्याशा पिल्लाचा जीव घेते.

कॅल्शियमअभावी तिची हाडं पातळ झाली असावीत, अशी मला शंका आहे. तिचं कारण साध्या आकड्यांत आहे. शंभर ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस असतो साधारण १७० ते २०० मिलिग्रॅम, आणि कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास. मांजराला दोन्ही जवळपास सारखे लागतात, कॅल्शियम किंचित वरचढ. कलेजीत फॉस्फरस मांसापेक्षाही जास्त, म्हणजे तुमच्या वाटीत तोल आणखी ढळलेला. आता रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊन शरीराला चालत नाही, हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडायला लागतात. मोठ्या मांजराच्या हाडांत साठा असतो, त्याला लक्षणं दिसायला वेळ लागतो. वाढत्या पिल्लाची हाडं काही आठवड्यांतच पातळ होतात. एक्स-रेत ती इतकी फिकी दिसतात की हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं ते नीट कळत नाही. मग पलंगावरून मारलेली साधी उडीही हाड मोडायला पुरते. कण्याचा मणका दबला तर मागचे पाय लुळे पडतात. कमरेचा सांगाडा आक्रसला तर ते मांजर पुढे कायम बद्धकोष्ठाने हैराण होतं.

इथे एक खुबी लक्षात ठेवा. हाडांच्या जिवावर रक्तातली पातळी सांभाळली जात असल्याने रक्ततपासणीत कॅल्शियम बहुतेकदा नॉर्मल येतं. रिपोर्ट बघून ‘चला, सुटलो’ असं म्हणू नका, एक्स-रे काढूनच घ्या. वेळेत सापडलं तर इलाज काही अवघड नाही, समतोल आहार आणि काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती. हाडं भरून येतात. कॅल्शियमचं इंजेक्शन किंवा जास्तीचा डोस स्वतःच्या मनाने देऊ नका.

बुंदीला आजपासून पिल्लांचं तयार पूर्ण अन्न सुरू करा. पाकिटावर ‘किटन’ लिहिलेलं कुठलंही चांगलं, ओलं किंवा कोरडं. वर्षाची होईपर्यंत घरच्या पाककृतीचे प्रयोग तिच्यावर नकोत. मोठ्या मांजराच्या आहारातली चूक निस्तरायला अवधी मिळतो, पिल्लाच्या बाबतीत तो मिळत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, पण कणकवलीचं ते मांजर दिवसभर घरात नव्हतं. दूधभात खाऊन ते पडवीतून बाहेर पडायचं आणि उंदीर, पाली, पाखरं मारायचं. उंदीर खाल्ला की हाडं, काळीज, हृदय, मेंदू, डोळे, थायरॉइड ग्रंथी, रक्त असं सगळं एकदम पोटात जातं. माशाच्या डोक्यातही हाडं असतातच. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये यातलं काही येत नाही. भावाच्या यादीतल्या पावडरी ताकद वाढवणारी टॉनिकं नव्हेत. उंदराचे जे अवयव आपल्या चिकनच्या पिशवीत आलेले नाहीत, त्यांची ती भरपाई आहे. म्हणूनच ‘थोडंसं टॉरिन, थोडंसं तेल’ अशा अंदाजाने भागत नाही.

आणि दुधाने कॅल्शियम भरून निघेल म्हणाल, तर शंभर ग्रॅम चिकनचा हिशेब जुळवायला अर्ध्या लिटरहून जास्त गाईचं दूध लागेल, कारण दुधातही फॉस्फरस असतो. तेवढं दूध प्यायलं तर काळूचं पोट कुठल्या कुठे जाईल.

आता डब्या. नर्सरीतलं बोनमील पहिलं बाहेर काढा. ते गुलाबासाठी असतं, खाण्यासाठी नव्हे. कुठल्या हाडांपासून केलं, निर्जंतुक केलं का, शिसं किती, याची जबाबदारी त्या पाकिटावर कुणीही घेतलेली नसते.

मेडिकलमधल्या कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत डी-३ जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. माणसाला ते बरं, पण इथे कॅल्शियमचं प्रमाण गाठायला जेवढ्या गोळ्या वाढवाल तेवढं डी-३ पण वाढत जाणार, त्यावर कॉड लिव्हर ऑइलमधलं डी आणखी वेगळं. मांजराला उन्हात बसून हे जीवनसत्त्व बनवता येत नाही, अन्नातूनच लागतं, हे खरं. पण चार किलोच्या मांजराची दिवसाची गरज पंधराएक युनिट आहे. घरोघरी आठवड्याला एक म्हणून आणलेली ६०,००० युनिटची सॅशे असते ना, ती कुणी प्रेमाने वाटीत टाकली तर मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ती सॅशे मांजराच्या आणि सासूबाईंच्याही हाताला लागणार नाही अशी ठेवा. पाळीव प्राण्यांची कॅल्शियमची सिरप घेऊ का, हे पुढे विचारालच. त्यांतल्या पुष्कळांत फॉस्फरसही घातलेला असतो. आपल्याला नेमका तोच नको आहे.

बोनलेस मांसाला स्वस्त आणि सरळ उपाय म्हणजे अंड्याचं टरफल. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि फॉस्फरस नगण्य. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, आतला पापुद्रा निघेल तेवढा काढा, तव्यावर मंद आचेवर खडखडीत कोरडी करा. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. बोटांत चोळल्यावर टाल्कम पावडरसारखं लागलं पाहिजे. कण हाताला टोचत असतील तर परत फिरवा. एक किलो बोनलेस मांसाला ही पूड साडेपाच ते सहा ग्रॅम, म्हणजे साधारण एका अंड्याचं टरफल. पण डोळ्यांनी मोजू नका. एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या. तुमच्या सहा डब्यांपेक्षा तो जास्त कामाला येईल. मांस हाडांसकट दळून आणलं तर मात्र ही पूड घालायची नाही, नाहीतर तोल दुसऱ्या बाजूला जातो आणि शी दगडासारखी होते.

टॉरिन ठेवा. ते हवंच. बहुतेक प्राणी ते शरीरात पुरेसं तयार करतात, मांजराला तेवढं जमत नाही, आणि पित्तरसातून ते रोज खर्च होत राहतं. ते कमी पडल्यावर डोळ्याचा पडदा झिजतो हे १९७५ साली कळलं. हृदय फुगून त्याचं पंपिंग मंदावतं हे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी दाखवलं, आणि ती मांजरं त्या वेळच्या नियमात बसणारं बाजारातलंच अन्न खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. हृदय पुष्कळदा सुधारतं, डोळ्याचा गेलेला भाग परत येत नाही. म्हणजे डबाबंद अन्नवाले त्या काळी चुकले होते, आणि आज घरच्या मांसावर विसंबणारे त्याच खड्ड्यात पडताहेत. मी दोन्ही पक्षांना हे ऐकवत असते.

तुम्ही ब्रेस्ट निवडलंत तेही टॉरिनच्या दृष्टीने वाईट. पांढऱ्या मांसात ते लेगच्या गडद मांसाच्या मानाने कितीतरी कमी असतं. चिकन सेंटरवाल्याला लेगचं मांस आणि वेगळी काढलेली हार्ट मागा. हार्ट मिळतात, आधी सांगून ठेवावं लागतं एवढंच. वर टॉरिनची पूड किलोमागे एक ते दोन ग्रॅम. जास्तीचं लघवीतून निघून जातं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. जिमच्या दुकानातला डबा एकदा नीट वाचा. घटकांत फक्त टॉरिन हवं. ‘प्री-वर्कआउट’ असेल, फ्लेवर असेल, कॅफिन असेल तर तो डबा तुमच्या मिस्टरांना द्या. एनर्जी ड्रिंकमध्येही टॉरिन असतं म्हणून दोन थेंब पाजणारे लोक मला भेटले आहेत. कृपा करून तसं करू नका.

कलेजीचं मात्र आजच कमी करा. मांजराला गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व करता येत नाही, त्यामुळे कलेजी लागते, पण किलोभर मिश्रणात कोंबडीची कलेजी पन्नास ग्रॅम पुरे. बकऱ्याची त्याच्या निम्मी, तिच्यात अ जास्त असतं. अ साठत जातं, बाहेर पडत नाही. महिनोन् महिने कलेजीवर वाढलेल्या मांजरांच्या मानेचे मणके जादा हाड वाढून एकमेकांना जखडतात. मान वळत नाही, पाठ चाटता येत नाही, पाठीवरचे केस गुंतलेले दिसतात. काळू पाठ नीट चाटतो का, हे बघून ठेवा. त्याच कारणाने कॉड लिव्हर ऑइल नको. ते माशाच्या काळजाचं तेल, त्यात अ आणि डी दोन्ही. ओमेगा-३ साठी साधं फिश ऑइल वेगळं मिळतं, आणि ते दिलंत तर सोबत ई जीवनसत्त्व लागतं. माशाच्या चरबीने ई संपतं आणि कातडीखालची चरबी सुजून दुखायला लागते. अशा मांजराला हात लावला तरी ते ओरडतं.

मांदेली द्या, पण शिजवून. कच्च्या माशांच्या बऱ्याच जातींत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, फ्रीझरमध्ये ते मरत नाही, शिजवल्यावर मरतं. बी-१ संपलेलं मांजर हनुवटी छातीला टेकवून चालतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पुढे झटके येतात. ही आणीबाणी असते. आठवड्यातून एकदा मूठभर मांदेलीने एवढं होणार नाही, पण मांजर माशाला चटावलं की ‘दुसरं काही खातच नाही’ हे दिवस लांब नसतात.

केल्प आयोडीनसाठी सांगतात. कल्पना बरोबर आहे. पण समुद्रशेवाळातलं आयोडीन जातीगणिक आणि खेपेगणिक प्रचंड बदलतं. डब्यावर मायक्रोग्रॅममध्ये आकडा छापलेला नसेल तर ती पावडर म्हणजे लॉटरी. आयोडीनयुक्त मिठाची चिमूट पुरत नाही, त्यातून गरज भागवायची तर किलोला चमचाभर मीठ घालावं लागेल. मँगनीज आणि ई यांचीही चिकनमध्ये अशीच तूट असते. पेट शॉपमधले ड्रॉप्स ही तूट भरून काढण्यासाठी बनवलेलेच नसतात. ते आधीच पूर्ण अन्न खाणाऱ्या मांजरासाठी वरचा शिडकावा आहेत. चवीसाठी बरे, हिशेबाला निरुपयोगी.

तुमच्या भावाची पाककृती चांगली असेल, मी पाहिलेली नाही. पण डेव्हिसच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या शंभराहून जास्त घरगुती पाककृती तपासल्या, पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या. त्यांतली एकही सगळ्या गरजा पूर्ण करणारी निघाली नाही, पशुवैद्यांनी लिहिलेल्यासुद्धा. त्यात आपण सशाऐवजी ब्रेस्ट आणि बीफ हार्टऐवजी कलेजी घातली की ती पाककृती राहिलीच कुठे? कच्च्या मांसाचे भक्त १९३०च्या दशकातल्या कॅलिफोर्नियातल्या डॉ. पॉटेंजर यांच्या प्रयोगातल्या मांजरांचा दाखला देतात, शिजवलेल्या मांसावरची मांजरं पिढीगणिक खंगत गेली म्हणून. तेव्हा टॉरिनची गरज कुणालाच ठाऊक नव्हती. ते पाण्यात विरघळतं, शिजवताना रसात उतरतं. रस ओतून दिला की ते गेलं. त्या प्रयोगातून ‘शिजवणं म्हणजे विष’ एवढंच उचलणं हा उतावळेपणा.

हे मी सांगते आहे कारण तुम्ही न विचारलेल्या गोष्टीवरही माझं मत आहे. कच्चं चिकन सध्या देऊ नका. साल्मोनेला वगैरे नेहमीचं आहेच, घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर तेवढ्यानेही मी नाही म्हणते. पण आता बर्ड फ्लूची भर पडली आहे आणि मांजरकुळाला तो फार जड जातो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने दगावले. त्यानंतर काही आठवड्यांतच शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तो सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत ओरेगॉनमध्ये कच्चं तयार अन्न खाऊन एक घरातलं मांजर मेलं आणि कंपनीला माल परत बोलवावा लागला. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हा विषाणू मरत नाही. नीट शिजवल्याने मरतो.

तेव्हा काळूसाठी लेगचं मांस आणि हार्ट थोड्या पाण्यात पूर्ण शिजवा. कांदा-लसूण नको, हाड नको, शिजलेलं हाड टोकदार फुटतं. रस फेकू नका, त्यातच मिसळा. कोमट झाल्यावर टॉरिन घाला. पण ही वाटी त्याच्या रोजच्या खाण्याचा दहावा भाग असू द्या, बाकी तयार ओलं पूर्ण अन्न मोजून. एवढ्या प्रमाणात टॉरिनखेरीज कुठल्याच डबीची गरज पडत नाही. तो सुटला तो ड्राय फूडमुळे कमी आणि दिवसभर भरून ठेवलेल्या वाटीमुळे जास्त, असा माझा अंदाज आहे. पूर्ण घरचंच द्यायचं ठरवलंत तर भावाला मांजरांसाठीचं प्रीमिक्स, म्हणजे सगळे पूरक घटक आधीच मिसळलेली पूड, पाठवायला सांगा. बोनलेस मांसात अमुक ग्रॅम, असं ज्याच्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं ते. ते वापरलं की टरफल, टॉरिन, कलेजी, सगळं बंद, नाहीतर दुप्पट होतं. शिजवलेल्या मांसाला चालतं का, हेही लेबलवर बघा. आणि अन्न बदलताना ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट लठ्ठ बोक्याशी करू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिला तर त्याच्या यकृतात चरबी भरते, तो आजार वजनापेक्षा भारी पडतो.

एक्स-रे डोंबिवलीत जवळपास होत असेल तर तिथेच काढा. नाहीतर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे. बुंदीला कडक तळाच्या बास्केटमध्ये न्या, कापडी पिशवीत नको. सोबत अडीच महिन्यांत काय काय आणि किती दिलं ते कागदावर लिहून न्या, सगळ्या डब्यांचे फोटो काढून न्या. आणि डॉक्टर रागावतील म्हणून ‘कलेजी थोडीशीच देते हो’ असं सांगू नका, निम्मी म्हणजे निम्मी सांगा.